घंटाखाऊ कुणाचा?

"बाबांचा घंटाखाऊ राक्षस चुकीसकट उचललाय तुम्ही," थीया म्हणाली आणि तिने दोन पुस्तकं ॲन्सेलसमोर उघडी ठेवली. "आधी सहा पाय, आणि पुढच्याच ओळीत 'चारही पाय आपटतो'. बाबांच्या पुस्तकात तसंच, तुमच्याही पुस्तकात तसंच."

मिलवॉकीच्या खेळमेळ्यात म्हातारा ॲन्सेल मुलांना फासे टाकत राक्षसांच्या गोष्टी रचायचा खेळ शिकवत होता. मुलांचे हात थांबले.

या खेळांची रीत तिथे सगळ्यांनाच ठाऊक होती. आपल्या खेळाच्या पुस्तकात कुणाचाही राक्षस खुशाल घ्यावा, विचारायचीसुद्धा गरज नाही; फक्त शेवटच्या पानावर मूळ कर्त्याचं नाव द्यावं. ॲन्सेलच्या नव्या पुस्तकात घंटाखाऊ होता. थीयाच्या वडिलांचं, मेरिल लिंडक्विस्टचं, नाव मात्र नव्हतं.

"राहून गेलं," ॲन्सेल म्हणाला.

"तुमच्याकडून? नाव दिलं नाही म्हणून दुसऱ्यांचे कान धरणारे तुम्ही." थीया कडवट हसली. "बाबा गेले तेव्हा मी एवढीशी होते. त्यांचं म्हणून माझ्याकडे हे एक पुस्तक आहे. तेवढंही तुम्हाला सोडवलं नाही."

ॲन्सेलने दोन्ही पुस्तकं मिटली. पोरीकडे बघवेना.

"काय करू, सांग."

"दुपारी मंचावर माफी मागा. आणि हा मुलांचा वर्ग सोडा."

मुलांचा वर्ग म्हणजे त्याचा जीव होता. "सोडतो," तो म्हणाला.

"ॲन्सेल, तुम्ही चोरी केलीत?" छोट्या इंग्रिडने विचारलं.

तो तिच्याजवळ वाकला. "दुसऱ्याची वस्तू घेऊन त्याचं नाव लपवलं, तर त्याला काय म्हणायचं?"

"चोरीच."

"बरोबर. हे विसरू नकोस."

दुपारी त्याने भरल्या सभागृहात माफी मागितली. जुने सोबती खाली बघत राहिले. एकजण तर उठून गेला. पहिल्या रांगेत थीया पुस्तक छातीशी धरून बसली होती. किती दिवसांनी तिचा चेहरा निवलेला दिसत होता.

तो टेबलाशी परतला, तेव्हा त्याची बायको ओडेट पुस्तकं खोक्यात भरत होती.

"शेवटी मेरिलला पेन्सिलसुद्धा धरवत नव्हती," ती हळूच म्हणाली. "थीयाकडचं ते पुस्तक तूच लिहून त्याच्या नावावर केलंस, एवढं तरी सांगायचंस तिला."