रेडकू
वैशाख होता. कडेगावाजवळच्या त्या मळ्यातल्या विहिरीत पोटरीभर पाणी उरलं होतं. खडकांची पाहणी करणारे सरकारी साहेब कुणालाही न विचारता बुटांसकट पायऱ्या उतरले, कारण जमिनीखालचे थर विहिरीतच नीट दिसतात. हातोडा चालला, कपच्या पाण्यात पडल्या, तळाचा गाळ वर आला. हवा तो दगड घेऊन साहेब खुशीत बाहेर आले आणि मळ्यातल्या घरासमोरच्या बाजेवर बसून त्यांनी पाणी मागितलं. मळा चंद्राबाईचा, नवरा ब्रह्मदेशात लढाईवर गेलेला, घरात ती एकटीच. तिने भरलेला तांब्या आणून दिला. साहेब अर्धा प्यायले, उरलेला दगडावर ओतला. "बघा बाई, भिजला की कसा रंग खुलतो!" "व्हय, लय झ्याक," ती म्हणाली. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली बनुबाई घागर घेऊन विहिरीकडे निघालेली दिसली. "आगं, आज नगं," चंद्राबाईने हाक दिली, "पानी गढूळ झालंया. गाळ बसू दे." "मग घरातलं दे की तांब्याभर." "हुतं. आत्ताच सरलं." साहेबांनी हातातल्या रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. बनुबाई कमरेवरची घागर सावरत उभी राहिली. "गढूळलं कशानं गं?" साहेबांनी चिखलाचे बूट बाजेखाली ओढून घेतले. चंद्राबाईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "रेडकू उतरलं हुतं आत." "आन् बांधून ठिवायचं न्हाई व्हय त्येला?" "नवं हाय गं," चंद्राबाई म्हणाली, "त्येला ठावं न्हवतं."