तटाचा दरवाजा

ताईने कादंबरीसाठी अख्खी जादूनगरी कागदावर उभी केली: तट, बुरूज, आठ बाजार! पलंगावर लोळणाऱ्या धाकटीने नकाशा बघून नाक मुरडलं. "लेखिकाबाई, तुमच्या माणसांनी बाहेर पडायचं कुठून? तटाला दरवाजाच नाहीये!"

"कळलं गं, शहाणे! झोप आता." ताईने दरवाजा काढला आणि तिथून शाईचा रस्ता थेट कागदाच्या कडेपर्यंत नेला. मग ती पाणी प्यायला गेली.

परतली तेव्हा घर दुपारच्या सुस्तीतच होतं. पण कागदाच्या कडेपासून टेबलावर शाईची ओली पावलं उमटली होती, तिळाएवढी. बुटांच्या तीन रांगा फरशीवर उतरून धाकटीच्या पलंगापर्यंत गेल्या होत्या.

परतीच्या रांगा चार होत्या. चौथी अनवाणी होती.