मुकी मोटार

शेवंताचं लग्न झालं त्या वर्षी तिचा भाऊ रोहिदास फोनच्या कंपनीत लागला. कंपनी गुपचूप विजेवरची मोटार बनवत होती, चाकांचाही आवाज होऊ न देणारी. घरीसुद्धा बोलायची बंदी होती.

"आज काय बनवलंस?" आंधळ्या गेनूआप्पांनी लेकाला विचारलं.

"फोनच."

"मग अंगाला ग्रीसचा वास कसा? फोनला चाकं लावता व्हय?"

उद्या ती मोटार रस्त्यावर चाचणीला निघणार होती. तोच रस्ता आप्पा रोज कानांच्या भरवशावर ओलांडून डेअरीला जात.

"उद्या दूध मी घालतो, आप्पा."

"का रं, कान गेले काय माझे?"

खरं कारण रोहिदासच्या ओठांवर आलं, ते त्यानं गिळलं.

सकाळी आप्पांनी रस्त्याकडेला थांबून कान दिला. काहीच ऐकू येईना, म्हणून त्यांनी पाऊल टाकलं.

पौष वद्य तृतीयेला, सकाळी सात वाजता गेनूआप्पा वारले.