ग्राहकाच्या चुकीमुळे

"शिक्का मारा," सिंधूबाई म्हणाली.

काचेपलीकडच्या साहेबानं अर्ज उलटा करून टेबलावर ठेवला. सेनगावच्या बँकेत हाच अर्ज घेऊन ती तिसऱ्यांदा आली होती. पहिला सापडत नव्हता. दुसरा आलाच नव्हता म्हणे.

"मावशी, हजार रुपयांसाठी किती चकरा? जीपचं भाडंच तेवढं झालं असेल."

"हजार चौदा. वर ऐंशी पैसे. शिक्का मारा."

मागच्या बाकावर तिचा थोरला दीर मसाजी बसला होता. त्याच्या शेजारी गावातलाच बालाजी. दोघं तिच्या बाजूनं आले नव्हते. पैसे बँकेनंच कापले, हे ती खरं बोलते का, ते बघायला आले होते.

पासबुकात: १२ जुलै. किमान शिल्लक नाही. वजा १७७.
मेसेजचा आकार. वजा १७.७०.

सात घरांची मेंढरं एका कळपात चरायची. बोकडं विकली की पैसा सिंधूबाईच्या खात्यात, तिथून घरोघर वाटणी, आणि औषधापाण्यापुरते घरटी चारशे खात्यातच. अकरा वर्षं. कुणी पासबुक मागितलं नव्हतं. यंदा लसीसाठी काढायला गेली, तर अठ्ठावीसशेतले हजार नव्हते.

"सात घरांचा पैसा एकटीच्या खात्यात ठेवता कशाला?" साहेब म्हणाला. "झिरो बॅलन्सचं खातं होतं हे. मागच्या बकरीदच्या आधी एका दिवसात एक लाख चाळीस हजार भरलेत तुम्ही. लाखाच्या वर गेलं, म्हणून सिस्टीमनं खातं साधं करून टाकलं. साध्या खात्यात तीन हजार ठेवावेच लागतात."

"मला इचारलं?"

"मेसेज गेला असेल."

"कुठं? माझ्यापाशी मोबाईल न्हाई."

"फॉर्मवर नंबर आहे."

"खातं उघडून देणाऱ्या तुमच्या माणसानं सोताचाच टाकलाय तो. मेसेज त्याला, मंग पैसे माझे काहून कापले?"

१२ ऑक्टोबर. किमान शिल्लक नाही. वजा १७७.
मेसेज. वजा १७.७०.
२ डिसेंबर. कार्डाचे वार्षिक. वजा २३६.

तिनं पिशवीतून एक लिफाफा काढून काचेखालून सरकवला. "हे तुमचं कार्ड. फोडलं बी न्हाई."

"काकू, उरका आता," बालाजी बाकावरून म्हणाला. "बँक कशाला खाईल हजार रुपये? बँकेला काय कमी हाय?"

तिनं मागं वळून बघितलं नाही.

१२ जानेवारी. वजा १७७. वजा १७.७०.
१२ एप्रिल. वजा १७७. वजा १७.७०.

"अर्ज घेत नसाल तर 'घेत न्हाई' असं लिहून द्या," ती म्हणाली. "तेवढा कागद घेऊन मी बँकांच्या लोकपालाकडं जाते."

साहेब उठून आतल्या खोलीत गेला. रांग वाढली. "अरे मौसी, और भी लोग हैं," कुणीतरी म्हणालं. ती खिडकीला चिकटून उभी राहिली.

साहेब एक छापील कागद घेऊन आला.

"आजच जमा करतो. इथं अंगठा."

"वाचा."

"काय आहे त्यात वाचण्यासारखं?"

"मोठ्यानं वाचा. त्या दोघांला ऐकू जाऊ द्या."

त्यानं भरभर वाचलं. "ग्राहकाच्या चुकीमुळे झालेली कपात बँक सद्भावनेने परत करीत आहे. ग्राहकाची कोणतीही तक्रार नाही."

"ऐकलं का, दादा," बालाजी मसाजीला म्हणाला. "काकूची चूक म्हणून राहिले ते."

"ती चूक खोडा," सिंधूबाई म्हणाली.

"छापील आहे ते."

"पेनानं खोडा."

"पैसे मिळतायत ना तुम्हाला? मग शब्दांचं काय करायचंय?"

"पैसे तर मी एक मेंढरू विकून बी भरले असते."

साहेबानं पेनाचं टोपण काढलं. दोन शब्द खोडले, इतक्या जोरात की कागद फाटता फाटता राहिला.

"आता कोणाच्या चुकीनं, ते लिहा."

"ते मी लिहीत नसतो."

खोडलेल्या जागी काहीच लिहिलं नव्हतं. तिनं तेवढ्यावरच अंगठा दिला. त्यानं शिक्का मारला.

आकार परत. जमा १०१४.८०.

बालाजीनं पासबुक तिच्या हातातून घेतलं आणि दोनदा वाचलं. "आले, दादा. बराबर आले."

मसाजी गुडघ्यावर हात टेकत उठला. "मला ठावंच व्हतं. दे तिला पासबुक. पयल्यासारखं तिच्यापाशीच राहू दे."

बालाजीनं पासबुक पुढं केलं. तिनं ते घेतलं, पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली, आणि अठ्ठावीसशेच्या अठ्ठावीसशे काढून आणले. बाकावर शंभराच्या चार-चार नोटा मांडत गेली. सात ढिगल्या. सहा गोळा करून मसाजीच्या हातावर ठेवल्या, सातवी कनवटीला लावली.

"हे काय करून राहिलीस?"

"माझी अठरा मेंढरं उद्या येगळी करा."

मसाजीनं नोटा मुठीत धरल्या. "कळपातून काढली की बिचकतेत ती, सिंधूबाई. दोन दोन दिस तोंड लावत न्हाईत गवताला."

"व्हय," सिंधूबाई म्हणाली. "तिसऱ्या दिशी चरतेत."