दोन इयत्ता पुढे

लीनाची मनवा नववीतच अकरावीच्या साहित्याच्या खास वर्गाला बसू शकेल, असं शाळेतून कळलं आणि सावेडीतल्या त्या फ्लॅटमध्ये दुसरा विषयच उरला नाही.

"झेपेल का तिला इतक्यात?" नवऱ्यानं, सुमंतनं विचारलं.

लीनाला वेगळीच काळजी होती. "समोरच्या सुश्रुतला विचारलंय का शाळेनं?"

त्याला विचारलेलं नाही म्हटल्यावर तिनं तडक होकार कळवला आणि नातेवाइकांना फोन करकरून लेकीचं कौतुक सांगितलं.

मग ती मनवाच्या खोलीत गेली. मनवा एका जाडजूड कादंबरीत पार बुडून गेली होती. लीनानं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि कपाटात टाकून कुलूप लावलं.



"गोष्टी वाचत बसणं आता बंद. साहित्याचा अभ्यास करायचाय तुला."