एक पटाशी कमी

सहा वाजले. दोघे कारागीर अंगावरचा भुसा झटकून, डबे उचलून निघून गेले. नवा सुतार गेला नाही. हत्यारांच्या फळीसमोर हात मागे बांधून उभा राहिला.

कामावर वेळेवर येतो काय? – येतो.

मालक टेबलाशी बसून फॉर्म भरत होता. तुरुंगातून सुटलेल्यांना काम मिळवून देणाऱ्या संस्थेचा फॉर्म. आठ दिवसांची चाचणी आज संपत होती. खाली सही झाली की नोकरी पक्की.

इतरांशी वागणूक? – कमी बोलतो. बरंच आहे.

कामाच्या ठिकाणची एखादी वस्तू गहाळ झाली आहे काय?

"काका, घरी नाही जायचं?"

"एक पटाशी कमी आहे, साहेब."

मालकाचं पेन थांबलं. फळीवर प्रत्येक हत्याराची पांढरी आकृती रंगवलेली होती. चोवीस आकृत्या, तेवीस हत्यारं. खालच्या रांगेतली एक आकृती रिकामी.

"सही करायच्या आधी माझी झडती घ्या." त्याने दोन्ही हात वर केले.

"अहो, हात खाली करा! ती कधीची गेलीय."

"पहिल्या दिवशीही नव्हती. मी रोज मोजतो. रोज तेवीस."

"मग आठ दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर कोणावर आलं असतं?"

मालकाने पेन खाली ठेवलं.

"तिथे मोजणी जुळल्याशिवाय कोणी हलायचं नाही," सुतार म्हणाला. हात अजून वरच. "एकदा एका पेचकसासाठी अख्खा दिवस उभे होतो. शेवटी सापडला."

"कोणाकडे?"

"जमादाराच्याच खिशात."

मालकाला हसू आलं. सुताराला नाही. मग मालकाने फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"साडूबुवा, माझी पटाशी?"

"झालं सुरू! तीन वर्षं तेच. आणून देतो म्हटलं ना! खिडकी अडकली होती म्हणून नेली, खाल्ली नाही मी."

"नेली तुम्हीच ना?"

"नाहीतर काय तुझ्या मेहुणीने?"

फोन बंद झाला. सुताराचे हात हळूहळू खाली आले.

गहाळ झाली आहे काय? – हो. तीन वर्षांपूर्वी. साडूने नेली.

मालकाने सही केली, शिक्का मारला, कागद त्याच्यासमोर धरला. "झालं समाधान? निघा आता. सोमवारी वेळेवर या."

सुताराने कागद घडी करून खिशात ठेवला. पिशवीही खांद्याला लावली. पण पाय दाराकडे वळेनात.

"आता काय राहिलं?"

"तिथे कोर्टात नेलेला माणूसही मोजणीत धरायचे, मालक. कुठे आहे ते पाटीवर लिहिलं की झालं."

त्याने टेबलावरचा खडू घेतला आणि रिकाम्या आकृतीच्या आत लहान अक्षरांत लिहिलं : साडूकडे.

मग पहिल्या करवतीपासून एकेका हत्याराला बोट लावत निघाला. मालक दिव्याच्या बटणावर हात ठेवून थांबला होता. त्या खडूच्या अक्षरांना बोट न लावता सुतार पुढे सरकला, शेवटच्या रंध्यापाशी पोचला.

"चोवीस," तो म्हणाला, आणि स्वतःच दार उघडलं.