कधीतरी लागेल

घर बघायला आलेले नवरा-बायको दारातून जोडीने, खांद्याला खांदा लावून आत आले, आणि मामीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राग त्या दोघांवर नव्हता. पण या दारातून एका वेळी दोन माणसं आत येऊ शकतात, हे ती इतक्या वर्षांत विसरूनच गेली होती. दार कायम अर्धंच उघडायचं. दारामागे टीव्हीचं खोकं. टीव्ही कधीच भंगारात गेला, खोकं राहिलं. खोक्यावर बंद पडलेला पंखा, पंख्यावर मूठ तुटलेली बॅग, आणि पलीकडे खिडकी बुजवून छतापर्यंत गेलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे. सगळं मामांचं. हात लावायची सोय नव्हती. "राहू दे, कधीतरी लागेल," म्हणायचे आणि पेपर वाचून झाला की गठ्ठ्यावर ठेवायचे. मामी स्वतःच्याच घरात अंग चोरून फिरायची. आणि चार पाहुणे जमले की हाच गृहस्थ हसत हसत सांगायचा, "काय करणार, आमच्या हिला पसारा आवरत नाही." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

पुढे मामांनाच घराचा वीट आला. अंधारं आहे, कोंदट आहे, विकून टाकू. त्यांच्या भाचीने नुकताच धंदा काढला होता. विकायच्या घरातली अडगळ उपसायची आणि घर नीट मांडून लोकांना दाखवायचं. पहिलं काम मामांनी दिलं, पण अट घालून. "सामान गोदामात ठेव, टाकायचं काही नाही. नव्या घरात सगळं जसंच्या तसं लागलं पाहिजे."

मामीच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, हे भाची लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकत आली होती. ट्रक भरत आला तेव्हा तिने विचारलं, "मामी, यात तुझं काय काय आहे गं?"

मामीने स्वयंपाकघरातलं एक फडताळ दाखवलं. भाचीने फडताळाकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं आणि मान खाली घालून कामाला लागली.

मग तिने खिडकी घासूनपुसून उघडली, खिडकीशी सोबत आणलेली एक आरामखुर्ची मांडली, पडदे लावले. मोरीतला गळका नळ प्लंबरने चहा निवायच्या आत दुरुस्त केला. त्याच नळाखाली मामी वर्षानुवर्षं बादली लावत होती. तिने नळाचं नाव काढलं की मामा म्हणायचे, "चालतंय की!" परवा मात्र स्वतःहून भाचीला म्हणाले, "नळ बघ बाई आधी. लोक काय म्हणतील?"

लोक! आणि मी कोण होते? मामी तेव्हापासून धुमसत होती.

"अगंबाई, किती उजेड!" आलेली बाई खिडकीशी जाऊन म्हणाली. "काकू, घर काय सुंदर ठेवलंय हो तुम्ही!"

मामी तोंड उघडणार तोच मामा पुढे सरसावले. "टापटिपीची सवय आहे मला पहिल्यापासून. पसारा म्हणून खपत नाही."

मामीने हातातला चहाचा ट्रे खाली आदळला. भाची भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळ्यांनीच विनवलं, मामी, आजचा दिवस. पोरीचं पहिलंच काम. मामीने राग गिळला आणि सगळ्यांना चहा दिला.

"एक विचारू का?" त्या बाईचा नवरा म्हणाला. "एवढं हवेशीर घर, मग विकताय कशाला?"

"ते आपलं..." मामा चाचरले. "म्हणजे कसं..."

"सांगा ना," मामी म्हणाली. "अंधारं आहे म्हणा. कोंदट आहे म्हणा. की बायको गबाळी आहे म्हणून विकतोय?"

"अगं, लोकांसमोर शोभतं का हे?"

"लोकांसमोरच माझी अब्रू काढलीत तुम्ही! अंधार तुमच्या रद्दीने केला आणि नावं मला ठेवलीत. तोच उकिरडा आता नव्या घरात मांडणार, आणि तिथेही मी अंग चोरून चालणार? नाही! घर दोघांच्या नावावर आहे. माझी सही मिळणार नाही." मग ती पाहुण्यांकडे वळली. "माफ करा हं. चहा मात्र घेऊन जा."

पाहुण्यांनी चहा घाईघाईने संपवला आणि ते निघाले. परत जातानाही जोडीनेच गेले.

"मामी, माझं पहिलंच काम होतं गं," भाची रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मग ते काय फसलं? घर पसंत पडावं म्हणूनच मांडलंस ना? पडलं. मला पडलं. तुझी मजुरी मी देईन, आणि ही खुर्ची परत न्यायची नाही." मामी खुर्चीत बसली. पाय लांब केले. पाय कशालाच लागले नाहीत.

मामा दाराशी घुटमळत होते. "ते सगळं ठीक आहे गं. पण माझं सामान? ते तर परत आणावं लागेल ना?"

"कशाला? गोदामात व्यवस्थित मावलंय," मामी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तिथेच तुमची एक खाटही टाकून ठेवा. कधीतरी लागेल."